मुलांचं वाढतं वजन: चाळीत, सोसायटीत उपचारगट कसा उभा करायचा

दवाखान्यात मुलाला काट्यावर उभं करतात, डॉक्टर ‘तळलेलं बंद, गोड बंद, खेळायला पाठवा’ असं सांगतात आणि पाच मिनिटांत पुढच्या पेशंटचा नंबर लागतो. सल्ला बरोबरच असतो. पण मूल घरी येतं तेव्हा आजी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा पुढे करते. खाली किराणावाल्याकडे वेफर्सची दहा रुपयांची पाकिटं माळ करून टांगलेली असतात, आवारात ‘खेळण्यास सक्त मनाई’ची पाटी असते आणि साडेसहाला क्लास असतो. यातलं काहीही दहा वर्षांच्या मुलाच्या हातात नाही. त्याला एकट्यालाच ‘कमी खा’ म्हणणं म्हणजे मोठ्यांनी करायचं काम त्याच्या गळ्यात मारणं. मला हा अन्याय वाटतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड एपस्टाइन यांनी १९९० साली जास्त वजनाच्या मुलांवरच्या आपल्या उपचाराचा दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्या मुलांबरोबर आई किंवा वडिलांनीही स्वतःच्या सवयी बदलल्या, त्यांचं वजन दहा वर्षांनंतरही जास्त आटोक्यात होतं. पुढच्या अभ्यासांतून तासांचा हिशेबही पुढे आला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३ ते १२ महिन्यांत, कुटुंबासह, किमान २६ तास समोरासमोरचं मार्गदर्शन व्हायला हवं. मुंबईतल्या कुठल्याही ओपीडीत एका मुलाला २६ तास मिळणं शक्य नाही. समाजमंदिरात, मंडळाच्या हॉलमध्ये, सुटलेल्या शाळेच्या वर्गात मात्र ते मिळू शकतात. हा लेख असे तास उभे करू पाहणाऱ्यांसाठी आहे: पालक, शिक्षक, मंडळाचे कार्यकर्ते, सोसायटीच्या कमिटीवरची माणसं आणि वस्तीत दवाखाना चालवणारे डॉक्टर.

माणसं आणि जागा

पहिल्या वर्षी दहा-बारा कुटुंबं पुरेत. त्यापेक्षा मोठा गट घेतला की कोणाच्या घरी काय चाललंय ते कळेनासं होतं. वयोगट ६ ते १६ ठेवा, पण सहावीच्या आतली मुलं आणि मोठी मुलं वेगळ्या वेळी बोलवा. चौदा वर्षांच्या मुलीला आठ वर्षांच्या पोरांसमोर आपल्या शरीराबद्दल बोलता येत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना गटात घेऊ नका, त्यांच्या बाबतीत फक्त पालकांशी बोलायचं.

चार माणसं लागतात. एक बालरोगतज्ज्ञ, जे दर आठवड्याला येणार नाहीत, पण सुरुवातीची तपासणी करतील आणि फोन उचलतील. एक आहारतज्ज्ञ. एक समाजकार्यकर्ता किंवा समुपदेशक. आणि खेळ घेणारा कोणीतरी, ज्याचा मुलांवर ओरडण्याचा स्वभाव नाही. पैशांअभावी अडू नका. जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, मरीन लाइन्सला निर्मला निकेतन आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. पोषणशास्त्र आणि समाजकार्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम करावंच लागतं. विभागप्रमुखांना रीतसर पत्र द्या, शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या आधी द्या.

जागा चालत जाता येईल अशी हवी. लोकल किंवा बस बदलून यावं लागलं की तिसऱ्या आठवड्यापासून गळती सुरू होते. एका वेळी दोन मोठी माणसं मुलांबरोबर असलीच पाहिजेत. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी पालकांसमोर वाचून दाखवा.

बोलावणं कसं करायचं

इथे चुकलात तर पुढचं सगळं फुकट जातं. ‘लठ्ठ मुलांसाठी शिबिर’ असा फलक लावलात तर एकही मूल येणार नाही, आणि जे येईल ते मान खाली घालून येईल. गटाला खेळाचं, खाण्याचं, वाडीचं कुठलंही नाव द्या. यादी नोटीस बोर्डावर नको, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. घरी जा, आई-वडिलांशी बोला, मूल समोर असेल तर त्याच्याशीही बोला.

घरात गेल्यावर दोन प्रकारची उत्तरं मिळतील. ‘खात्यापित्या घरचा आहे, वाढत्या वयात उतरेल आपोआप’ हे एक. आपल्याकडे गुटगुटीत बाळाच्या स्पर्धा भरवल्या जातात, बाळसं धरलेल्या मुलाची दृष्ट काढली जाते. त्या आजीने कधीकाळी मुलं हडकुळी झालेली, आजारात गेलेली पाहिली असतात. तिच्या भीतीला हसू नका. तिला शांतपणे सांगा, की पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं बाळसं वेगळं आणि आठव्या वर्षी जिना चढताना लागणारी धाप वेगळी. दुसरं उत्तर उलट टोकाचं असतं: ‘सांगून सांगून थकलो, ऐकतच नाही, याला तुम्हीच काहीतरी करा.’ हे मुलासमोर बोललं जातं. अशा घरी पहिलं काम पालकांचं: ‘जाड्या’, ‘ढोल्या’, ‘मोटू’ हे शब्द त्या दिवसापासून बंद. लाडाने म्हटलेलेही बंद, काका-मामांकडूनही बंद.

आई-वडिलांपैकी एक जण प्रत्येक बैठकीला येईल असं आधीच ठरवून घ्या. वडील आले तर उत्तम, कारण रात्री येताना वडापाव किंवा चायनीज बहुतेक तेच घेऊन येतात.

मोजमाप

मुलांचं वजन मोठ्यांच्या आकड्यांनी मोजायचं नसतं. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे गणित तेच. फक्त उत्तर वयानुसार आणि मुलगा की मुलगी यानुसार तक्त्यावर पाहायचं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने, म्हणजे आयएपीने, २०१५ साली ५ ते १८ वयासाठी असे तक्ते काढले. त्यात दोन रेषा महत्त्वाच्या आहेत. मोठेपणीच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेषा ओलांडली तर वजन जास्त, २७शी जुळणारी ओलांडली तर लठ्ठपणा. मोठ्यांसाठी जगभर २५ आणि ३० या रेषा वापरतात, आपल्याकडे त्या खाली आणल्या आहेत. कारण आपल्या अंगकाठीत तेवढ्याच वजनाला चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. ब्रिटिश मित्राच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. ‘आमचा मुलगा तसा काही फार जाड दिसत नाही’ असं म्हणणाऱ्या पालकांना ही गोष्ट जरूर सांगा.

म्हणून पोटाचा घेरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडलेला असताना. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. उंची १४० सेंटीमीटर असेल तर घेर ७० च्या आत. ही कसोटी सहा वर्षांपुढच्या मुलांना चालते आणि त्यासाठी तक्ता लागत नाही.

उंची चपला काढून, टाच-पाठ-डोकं भिंतीला लावून घ्या. भिंतीवर मोजपट्टी सरळ चिकटवली आहे का ते ओळंबा लावून तपासा, कारण उंचीत दोन सेंटीमीटरची चूक झाली तरी बीएमआय बदलतो. मोजमाप पडद्याआड, एकेका मुलाचं, आकडा मोठ्याने न वाचता.

आता पालकांना सर्वांत जास्त धीर देणारं गणित. नऊ वर्षांचा मुलगा आहे, उंची १३५ सेंटीमीटर, वजन ४० किलो. बीएमआय २१.९ आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ वर्षांच्या मुलग्यासाठी लठ्ठपणाची रेषा २०.५ वर आहे, म्हणजे तो तिच्या वर गेला. वर्षभरात तो सहा सेंटीमीटर वाढला आणि वजन ४० वरच राहिलं, तर बीएमआय २०.१ होतो. दहाव्या वर्षी ती रेषा २१.४ वर गेलेली असते. एक किलोही न उतरवता तो रेषेखाली आला. म्हणूनच उंची वाढत असलेल्या बहुतेक लहान मुलांच्या बाबतीत ‘वजन उतरवा’ असं म्हणायचंच नाही, वजन थांबवायचं आणि उंचीला काम करू द्यायचं. उंची वाढायची थांबत आलेल्या, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हे लागू पडत नाही. त्यांचं ध्येय डॉक्टर ठरवतील.

कोणाला आधी डॉक्टरांकडे न्यायचं

गटात घेण्याआधी प्रत्येक मुलाची एक तपासणी हवीच. रक्तदाब घेताना मुलाच्या दंडाला बसेल असा पट्टा वापरलाय ना ते विचारा. लहान पट्ट्याने रक्तदाब उगाच जास्त दिसतो. लठ्ठपणाच्या रेषेच्या वर गेलेल्या, दहा वर्षांपुढच्या मुलांची साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची एएलटी ही तपासणी करून घ्या. रक्तदाब आणि साध्या रक्ततपासण्यांसाठी २०२२ पासून सुरू झालेले महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ जवळ पडतात. पुढची गरज लागली तर परळला केईएम आणि वाडिया, शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर ही रुग्णालयं आहेत.

काही खुणा दिसल्या तर गटाची वाट पाहू नका. मानेवर, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड झालेली त्वचा: ती मळ नाही, घासून जात नाही, शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. कित्येक मुलींच्या माना आया खसाखसा घासत बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. रात्री मोठ्याने घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं. खूप तहान आणि सारखी लघवी. मुलीची पाळी महिनोन् महिने न येणं, चेहऱ्यावर दाट लव येणं. लंगडणं, मांडीत किंवा गुडघ्यात दुखणं: वाढत्या वयात, जास्त वजनात खुब्याच्या हाडाचं टोक सरकू शकतं आणि दुखतं मात्र गुडघ्यात, तेव्हा त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. डोकेदुखीबरोबर नजर धूसर होणं.

‘थायरॉइड असेल’ हा संशय जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. जास्त खाण्याने वजन वाढलेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. वजन वाढतंय पण उंची अडकली आहे, असं मूल दिसलं तर थायरॉइड आणि इतर ग्रंथींची तपासणी लवकर व्हायला हवी. दम्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, पण त्या स्वतःहून बंद करू नका.

वर्षाचं वेळापत्रक

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पंधरा दिवसांनी सुरुवात करा. पहिले १२ आठवडे दर आठवड्याला दीड तास, म्हणजे १८ तास. त्यात गणपती येतात, ते येऊ देत. मग दर पंधरा दिवसांनी सहा बैठका, आणखी ९ तास, त्यात नवरात्र आणि दिवाळी. पुढचे सहा महिने महिन्यातून एकदा एक तास. एकूण ३३ तास होतात. काही बुडल्या तरी २६ खाली जात नाही.

दीड तासात पहिला पाऊण तास मुलं खेळतात, तेवढ्यात पालक वेगळे बसतात. मग सगळे एकत्र येऊन काहीतरी बनवतात, खातात आणि प्रत्येक कुटुंब पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरवतं. बदल मोजता येईल असा हवा. ‘जंक फूड कमी करू’ हे ठरवणं नव्हे. ‘सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहाला घरचं खाणं तयार असेल’ हे ठरवणं.

खाणं: संध्याकाळच्या सहापासून सुरुवात

मुंबईतल्या मुलांचं खाणं मला एका विशिष्ट वेळेला बिघडताना दिसतं. डबा दुपारी अर्धामुर्धा खाल्लेला असतो. शाळा सुटते, क्लास असतो, आई-बाबा विरार किंवा कल्याण लोकलने आठ-नऊला घरी पोचतात, जेवण दहाला. सहा ते दहा या चार तासांत मुलाला कडाडून भूक लागते आणि खिशात दहा-वीस रुपये असतात. वडापाव, फ्रँकी, चायनीज भेळ, वेफर्स, बिस्किटं याच वेळेत जातात, आणि दहाला पुन्हा पूर्ण जेवण होतं. याला हावरटपणा म्हणू नका, ती खरी भूक आहे.

म्हणून पहिला बदल काही बंद करण्याचा ठेवू नका. सहाला खरं जेवण द्या: पोळी-भाजी, मुगाचं धिरडं, मटकीची उसळ, उकडलेलं अंडं आणि भाकरी, थालीपीठ-दही. रात्री मग हलकं, वरण-भात आणि भाजी, शक्य तितकं लवकर. आई-बाबा घरात नसतील तर शेजारच्या मावशी किंवा आजी डबा गरम करून देतात. गटातल्या तीन-चार घरांनी आळीपाळीने संध्याकाळचं खाणं सांभाळायचं ठरवलं तर हे टिकतं. एकट्या घराला जे जमत नाही ते इथे वस्तीला जमतं, गटाचा खरा उपयोग हाच.

दुसरा बदल पिण्याचा. कोलाच्या शंभर मिलीलीटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत २६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली आणि रसा-मधातली साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसालाही हे पाच टक्के २५ ग्रॅम होतात. एक बाटली आणि दिवसाचा हिशेब संपला. बैठकीत पाकिटं आणि बाटल्या मागवा, मागची छोटी अक्षरं मुलांनाच वाचायला लावा आणि चार-पाच ग्रॅमला एक चमचा या हिशेबाने साखर वाटीत मोजायला सांगा. पाकिटातला ‘फ्रूट ड्रिंक’ आणि दुधात घालायची चॉकलेटी पावडर यांचे आकडे पाहून पालक गप्प होतात. घरात प्यायला पाणी, ताक, बिनसाखरेचं किंवा अगदी कमी साखरेचं लिंबूपाणी. चहा सोडवत नसेल तर साखर दर आठवड्याला थोडी कमी करा, जीभ महिन्याभरात सवयीने बदलते.

ताटाची रचना राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्याजवळची ठेवा: अर्धं ताट भाज्या, कोशिंबीर, फळं, उरलेल्या अर्ध्यात पोळी-भाकरी-भात आणि डाळ-उसळ-अंडी-मासे. कोळीवाड्यातल्या किंवा मालवणी घरांत बांगडा, मांदेली असतातच, फक्त आठवड्यातले बरेचसे दिवस तळण्याऐवजी कालवण करा. तेलाची बाटली महिन्याच्या सुरुवातीला मोजून ठेवा. माणशी अर्धा लिटर हे लक्ष्य धरलं तर चार जणांच्या घरात महिन्याला दोन लिटर. बहुतेक घरांत पहिल्या महिन्यात हा आकडा धक्का देतो. ओट्स, ऑलिव्ह तेल, प्रोटीन पावडर यांची काहीच गरज नाही आणि त्यासाठी कोणी खर्च करू नये.

लहान मुलांना एपस्टाइन यांची सिग्नलची पद्धत चटकन कळते. हिरव्या दिव्याचं खाणं (भाज्या, फळं) भरपूर, पिवळ्याचं (पोळी, भात, डाळ) बेताने, लाल (तळलेलं, गोड) क्वचित आणि ठरवून. लाल खाण्याला ‘वाईट’ म्हणू नका. लाल खाल्लं म्हणून आपण वाईट, असा अर्थ मुलं लावतात आणि मग लपून खातात.

आणखी तीन नियम पालकांच्या गळी उतरेपर्यंत सांगत राहावे लागतात. घरातल्या सगळ्यांना एकच जेवण. सडपातळ भावाला वेफर्स आणि याला काकडी असं केलंत तर हरलात. दुसरा, काय, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, वाढलेल्यातलं किती खायचं हे मुलाने. ‘ताट स्वच्छ कर’ नको आणि ‘बस झालं आता’ही नको. तिसरा, जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद. एका खोलीच्या घरात हा नियम आजोबांच्या बातम्यांनाही लागतो, म्हणून आजोबांनाही एकदा बैठकीला बोलवा. उपास करायला लावणं, भात पूर्ण तोडणं, रस पिऊन दिवस काढणं, शेकवर जेवण भागवणं, असलं काहीही वाढत्या मुलाला करायला लावू नये.

खेळ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस जोरकस, स्नायूंना ताण देणारी. तीन मजले चढून धापा टाकणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी साठ मिनिटं सांगू नका. दहा-दहा मिनिटांपासून वाढवत न्या.

जागेसाठी सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज करा: रोज पाच ते सात, कडक चेंडू नाही, दोन पालक हजर, गाड्यांना धक्का लागल्यास जबाबदारी कोणाची. तोंडी भांडणापेक्षा असा अर्ज जास्त वेळा मंजूर होतो. महापालिकेची उद्यानं, मैदानं जवळ असतील तर तिथली वेळ पक्की करा. दादर भागातल्यांसाठी शिवाजी पार्कवरचं १९२५ सालचं श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. मल्लखांब हे नाव ऐकून जास्त वजनाची मुलं घाबरतात, पण व्यायामशाळा म्हणजे फक्त मल्लखांब नव्हे. प्रशिक्षकांना आधी भेटून मूल कसं आहे ते सांगा.

खेळ निवडताना एक गोष्ट पाळा: जो बाद झाला तो बाहेर बसला, असे खेळ नकोत. ज्याला हालचालीची सर्वांत जास्त गरज आहे तोच पहिल्या दोन मिनिटांत बाहेर बसतो आणि बाकीचा वेळ इतरांचं हसू झेलतो. त्याऐवजी ज्यात वजन ताकद ठरतं असे खेळ घ्या. रस्सीखेचीत असं मूल दोरीच्या टोकाला उभं राहतं आणि संघ त्याच्या भरवशावर असतो. कबड्डीत भक्कम पकड लागते, आणि लालबाग-परळ-प्रभादेवीत कबड्डी शिकवणारी माणसं शोधावी लागत नाहीत. पोहणं गुडघ्यांना सोपं जातं, पण पोहण्याच्या कपड्यांची लाज वाटते, तेव्हा अंगभर पोशाख चालेल का ते तलावावर आधीच विचारून ठेवा. काँक्रीटवर लंगडी आणि दोरीउड्या सुरुवातीला टाळा.

जून ते सप्टेंबर हॉलमध्ये लेझीम घ्या. वीस मिनिटं सलग लेझीम खेळलं की मोठी माणसंही घामाघूम होतात, तालामुळे कंटाळा येत नाही आणि गणपतीत ते सगळ्यांसमोर सादर करता येतं. थंडीत हवा धुरकट असेल त्या दिवशीही हॉलच बरा.

वयात आलेल्या मुली खेळातून गळतात, त्यांच्यासाठी वेगळी वेळ आणि घेणारी बाई हवी. स्वच्छ स्वच्छतागृह जवळ नसेल तर त्या येणार नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

झोपेचंही इथेच सांगतो. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास, १३ ते १८ वयाला ८ ते १० तास लागतात. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त खातं. दहाची मालिका संपल्यावर अंथरूण पडणाऱ्या घरात निदान मोबाइल साडेनऊला एका डब्यात जातील, पालकांचेही, इतकं तरी ठरवता येतं.

शाळेचं फाटक, मंडळाचा प्रसाद

केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. बहुतेक पालकांना हे माहीतच नसतं. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा नियम मांडा, कॅन्टीनची यादी मागा, मुख्याध्यापकांना लेखी द्या. तरी हललं नाही तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. फाटकावरच्या गाडीवाल्याशी मात्र माणुसकीने बोला, त्याचंही पोट त्यावर आहे. उकडलेले शेंगदाणे, चणे, मक्याचं कणीस, कापलेली फळं खपतील असं गिऱ्हाईक गटाने मिळवून दिलं तर तो ते ठेवतो. मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेचे फलक, म्हणजे कशात किती साखर असते ते सांगणारे फलक, लावायला सांगितलं. इतर मंडळांच्या शाळांनाही ते लावायला कोणी अडवलेलं नाही, फलक मुलांकडूनच बनवून घ्या.

मंडळाच्या प्रसादात आणि वाढदिवसांत मोदक, पेढा असू दे. एका पेढ्याने काही होत नाही. पण दहा दिवस रोज थंड पेयांचे क्रेट येत असतील तर कार्यकर्त्यांशी बोला. दिवाळीचा फराळ ताटलीत वाढून घ्या, डबा समोर ठेवून खाऊ नका.

मनाचं

चिडवणं सहन करणारं मूल जास्त खातं, कमी खेळतं आणि शाळा बुडवतं. बैठकीत कोणी कोणाच्या शरीरावर बोलणार नाही, कौतुकानेही नाही. ‘किती बारीक झालीस गं!’ हे वाक्य ऐकून दुसऱ्या आठवड्यात जेवण सोडणाऱ्या मुली असतात. जेवण टाळणं, खाऊन लगेच बाथरूमला जाणं, अन्न लपवणं, आरशासमोर तासन् तास उभं राहणं, सगळ्यांपासून तुटणं यातलं काही दिसलं तर वजनाचा विषय बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण किंवा छळ होत असल्याचं कळलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तीन महिन्यांनी काय पाहायचं

वजन दर आठवड्याला घेऊ नका. तीन महिन्यांनी उंची, वजन, पोटाचा घेर. त्याआधी दिसणारे बदल वहीत लिहा: न थांबता किती मजले चढता येतात, आठवड्यात किती संध्याकाळी सहाचं जेवण झालं, गोड पेयं किती वेळा, झोप किती, शाळेत खेळाच्या तासाला मूल मैदानात होतं की बाकावर. मेच्या सुट्टीत आणि गावी गेल्यावर घडी विस्कटते. ते गृहीत धरून जूनमध्ये एक जादा बैठक ठेवा, कोणाला जाब विचारू नका.

वर्षभर मनापासून करूनही काही मुलांचा बीएमआय वरच जातो. त्यात कुटुंबाची कसूर असतेच असं नाही, आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. अशा मुलांना बालग्रंथीतज्ज्ञांकडे, म्हणजे मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवा. बारा वर्षांपुढे काहींना औषधं दिली जातात, अगदी मोजक्या किशोरवयीनांना शस्त्रक्रियाही. तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यायचा, आणि तेव्हाही घरचं खाणं आणि खेळ चालूच ठेवायचे. पाच वर्षांच्या आतच ज्याची भूक कधी भागत नव्हती आणि वजन झपाट्याने वाढलं होतं, त्याला वर्षभर थांबवून न ठेवता सुरुवातीलाच पाठवा.

मुलांच्या नोंदवह्या कुलपात ठेवा आणि वर्ष संपलं की ज्याची त्याला परत द्या, गटाकडे प्रत नको. शाळा, मंडळ किंवा देणगीदार आकडे मागतील, त्यांना नावांशिवाय एवढंच सांगा: किती कुटुंबं आली, किती टिकली, किती मुलांचा बीएमआय थांबला किंवा खाली आला. मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो कोणालाही देऊ नका. पुढच्या वर्षीच्या गटात घरोघरी बोलावणं करायला पहिल्या वर्षीच्या दोन आया आणि एका वडिलांना सोबत घ्या, आणि विद्यार्थ्यांसाठी कॉलेजांना द्यायचं पत्र मार्चमध्येच टाका.